नमुना क्रमांक त्र्याऐंशी

राजारामपुरी, सातवी गल्ली, भाड्याची खोली.
जेवण झालं की लाईट बॉक्स लावते मी,
आणि काचेवर उजळतं एकेकाचं डोकं
कडेनं पाहिलेलं.
नाक उजवीकडे, सगळ्यांचं उजवीकडेच.

त्यावर पारदर्शक कागद, चार कोपऱ्यांना चिकटपट्टी,
पॉइंट फाइव्हची पेन्सिल.
आधी शोधायचं खोगीर:
मेंदूखाली, कवटीच्या तळाशी
वाटाण्याएवढी ग्रंथी पेलणारं हाडाचं खोगीर.
कुणा जुन्या शरीरशास्त्र्याला ते तुर्की वाटलं होतं.
त्याच्या मध्यावर टिंब.
दुसरं नाकाच्या मुळाशी,
तिसरं मागे खाली, जिथं कवटी मणक्यावर टेकते.
तीन टिंबं, दोन रेघा, एक कोन.

पुस्तक म्हणतं, कोन मिटला तर खालचा जबडा पुढे,
उघडला तर मागे.
आणि तो सांधा पंधरा-सोळाव्या वर्षी बुजतो, कायमचा.
माझे सगळे नमुने अठराच्या पुढचे.
बुजून गेलेलं मोजते मी,
एकशेवीस वेळा.

त्यात कागलचा कंडक्टर आहे, हनुवटी गळ्यात बुडालेला.
उचगावची नर्स, हसताना तोंडावर हात जाणारी.
गंगावेशीतला एक वस्ताद, ज्याचा कोन तीनदा मोजला
आणि तीनदा वेगळा आला.

आणि दस्तगीर पटवेगार, वय सत्तेचाळीस,
भेंडी गल्लीत साज गाठवणारे.
खालचे दात वरच्यांच्या पुढे, बाराव्या वर्षापासून.
"मग आत्ताच का आलात?"
"दोरा," ते म्हणाले.
"दातानं तुटत न्हाई, म्याडम.
आब्बा तोडायचे, चुलता तोडायचा.
मी तेवढा कात्रीवाला.
गिऱ्हाईक बघत असतंय की."

यंत्राच्या खुंट्या कानांत घालून उभे राहिले.
दात दातांवर, गिळू नका, म्हटलं मी.
त्यांनी श्वासही धरला,
जे सांगितलं नव्हतं.

एकशे एकोणतीस.
काही मिटलेलं नाही. कुणाचाही असावा असा तळ,
तरी जबडा चार अंश पुढे.
पुन्हा मोजलं. तेच.

पुढच्या खेपेला कागद त्यांना दाखवला.
त्यांनी खिडकीकडे धरला, एक डोळा मिटला.
"तुमची रेघ जाड हाय."
खिशातनं लाल रेशमाचा पदर काढला,
ओठांत ओला करून पीळ दिला,
आणि खोगिरापासून नाकाच्या मुळापर्यंत ताणला.
दोन्ही बाजूंनी माझं शिसं दिसत राहिलं.
अर्धा अंश तरी.
अर्ध्या अंशात माणूस
एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात जातो.

त्या आठवड्यात सगळे कागद मी पुन्हा काढले.
सर म्हणाले, तुला दुसरं काम नाही.

शेवटी प्रबंधात लिहिलं:
तळाचा कोन आणि जबड्याची ठेवण, संबंध क्षीण.
तार घट्ट करताना पटवेगारांनाही हेच सांगितलं,
की तुमचा जबडा पुढे का,
ते एवढ्या आकड्यांनंतरही मला माहीत नाही.
तोंड उघडं होतं त्यांचं, वाटलं ऐकत नसतील.
चूळ भरून म्हणाले,
"क्षीण म्हंजे तुटलेला न्हाई न्हवं?"
"नाही."
"मग भार कुठनं येतोय ते बघा.
एका दोऱ्यावर साज ऱ्हात न्हाई."

दीड वर्ष झालं.
पुढचे दात आता कडेला कड लागतात, जेमतेम.
काल खुर्चीत बसण्याआधी त्यांनी रीळ काढलं,
हातभर दोरा घेतला, चावला.
तुटला नाही.
चेपला, ओला झाला,
दोन तंतू तेवढे गेले.

तो तुकडा माझ्या पेन्सिलीशेजारी ठेवत म्हणाले,
"नोंद करून ठिवा.
दोन."